गल्लीतला भित्रेपणा, दस्तरखानावरची हिंमत

खालिद हुसैनी यांची 'द काइट रनर' ही कादंबरी २००३ साली आली. २००७ साली तिच्यावर सिनेमा निघाला. ती वाचलेल्या कॉलेजच्या मुलामुलींना कशी वाटली म्हणून विचारा, उत्तर बहुतेक वेळा एकच मिळतं: फार रडवते. लहानपणीची दोस्ती, दगा, पश्चात्ताप, आणि शेवटी चुकीची भरपाई. पुस्तक मिटताना डोळे पुसायचे आणि मन हलकं झालं म्हणायचं.

मला वाटतं, ही कादंबरी आपण जरा सोयीने वाचतो. अमीर भित्रा होता, आपण त्याच्या जागी असतो तर हसनसाठी उभे राहिलो असतो, असं मनातल्या मनात ठरवून मोकळे होतो. खरा प्रश्न वेगळा आहे. बारा वर्षांच्या एका मुलाला जिवलग मित्रावरचा अत्याचार बघत उभं राहणं शक्य कसं झालं? त्याला ते शिकवलं कोणी? या प्रश्नाचं उत्तर काबूलपुरतं नाही. म्हणून आपल्या वाचकांसाठी हा लेख.

कादंबरी न वाचलेल्यांसाठी थोडक्यात गोष्ट सांगतो. १९७५चा हिवाळा, काबूल शहर. अमीर श्रीमंत पश्तून बापाचा मुलगा. हसन त्याच घरच्या नोकराचा मुलगा, हजारा जमातीचा. दोघं एकाच अंगणात वाढलेले. हिवाळ्यात पतंगांची स्पर्धा असते. शेवटचा पतंग काटला की तो धावत जाऊन पकडून आणायचा, तीच खरी ट्रॉफी. अमीर जिंकतो आणि हसन तो निळा पतंग आणायला धावतो. पतंग त्याच्या हाती लागतो, पण आसिफ नावाचा दांडगा मुलगा दोन साथीदारांसह त्याला गल्लीत गाठतो. पतंग दे आणि जा, म्हणतो. हसन देत नाही, कारण तो पतंग अमीरचा आहे. मग आसिफ त्याच्यावर लैंगिक अत्याचार करतो. अमीर हे सगळं कोपऱ्यावरून बघतो आणि पळून जातो.

याच्या आधी काय घडलं होतं, तेही लक्षात ठेवायला हवं. याच आसिफने एकदा अमीरला अडवलं होतं. तेव्हा हसन गलोल ताणून मधे उभा राहिला होता. आसिफ कोण, त्याचा बाप कोण, आपली पायरी कोणती, हे सगळं हसनला ठाऊक होतं. तरी तो उभा राहिला. म्हणजे दोन मुलांपैकी एकाने आपली जबाबदारी आधीच पार पाडली होती.

भीती होतीच, पण भीतीच नव्हती

अमीर घाबरला होता, यात शंका नाही. समोर तिघं होते आणि तो एकटा. एवढंच असतं तर त्याला दोष देणं अवघड गेलं असतं. घाबरणं हा गुन्हा नाही. बारा वर्षांच्या पोराने तिघांशी मारामारी करावी, अशी अपेक्षाही कोणी करू नये.

पण भीतीसोबत आणखी दोन गोष्टी होत्या. पहिली म्हणजे सौदा. बापाच्या नजरेत मोठं व्हायला अमीरला तो पतंग हवा होता. हसन गल्लीत अडकला असताना पतंग सुखरूप होता. अमीरच्या मनात कुठेतरी हिशेब झाला की या पतंगाची काही किंमत मोजावी लागणार, आणि ती किंमत हसन आहे. दुसरी गोष्ट म्हणजे पायरी. ही किंमत त्याला परवडली, कारण मोजली जाणारी वस्तू एक हजारा मुलगा होता. आधीच्या प्रसंगात आसिफ अमीरला टोमणा मारतो, की तू याला मित्र म्हणतोसच कसा? तेव्हा अमीरच्या ओठांवर शब्द येता येता राहतात, की हा माझा मित्र नाही, नोकर आहे. गल्लीतला दगा त्या न उच्चारलेल्या वाक्यातच झाला होता. पुढे घडलं ती त्याची अंमलबजावणी.

भित्रेपणाविषयी आपण बोलतो तेव्हा या दोन गोष्टी विसरतो. माणूस गप्प बसतो, कारण बोलण्याने त्याचं काही तरी जाणार असतं. आणि कारण ज्याच्यासाठी बोलायचं, तो आपल्यापेक्षा थोडा कमी माणूस आहे, असं त्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. हे शिकवणं भाषण देऊन होत नाही. कोण कुठे झोपतं, कोणाचा कप वेगळा, कोणाला शाळेत घालायचं आणि कोणाला नाही, यातून ते होतं. अमीर शाळेत जायचा आणि हसन त्याच्या कपड्यांना इस्त्री करायचा. हसनला वाचता येत नाही म्हणून अमीर त्याला गोष्टी वाचून दाखवायचा, मधेच मनाने काहीतरी घालून त्याची गंमतही करायचा. त्याला वाचायला शिकवावं, असं मात्र त्याला वाटलं नाही. स्वतः हुसैनी लहानपणी तेहरानमध्ये राहत होते, तेव्हा घरी काम करणाऱ्या एका हजारा माणसाला त्यांनी लिहायला-वाचायला शिकवलं होतं. कादंबरी लिहिणाऱ्याने जे केलं, ते त्याच्या नायकाने केलं नाही. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

हजारा कोण?

ही पायरी आली कुठून, हे कळल्याशिवाय गोष्ट अर्धीच राहते. हजारा हे मध्य अफगाणिस्तानातल्या डोंगराळ भागातले लोक. बहुसंख्य शिया, फारसीच्या हजारगी बोलीत बोलणारे, चेहरेपट्टीने मध्य आशियाई. अमीर अब्दुर रहमान खान यांच्या राजवटीत, १८९१ ते १८९३ या काळात, त्यांचा उठाव चिरडला गेला. असंख्य लोक मारले गेले, जमिनी काढून घेतल्या गेल्या, बायका-मुलं गुलाम म्हणून विकली गेली. बरेच जण पळून क्वेट्टा आणि मशहदला गेले. गुलामी कायद्याने बंद झाली ती १९२३ साली, अमानुल्ला खान यांच्या राज्यघटनेने. कायद्याने गुलामी गेली, मनातली पायरी गेली नाही. काबूलमधली हमाली, घरकाम, ओझी वाहणं हजारांच्याच वाट्याला राहिलं.

पुढचा इतिहास अगदी अलीकडचा आहे. ऑगस्ट १९९८मध्ये तालिबानने मझार-ए-शरीफ घेतलं आणि घरोघर शोधून हजारा पुरुषांची कत्तल केली. ८ मे २०२१ रोजी काबूलच्या दश्त-ए-बर्ची या हजारा वस्तीत मुलींची शाळा सुटताना स्फोट झाले. ऐंशीहून अधिक जीव गेले, त्यात बहुतेक शाळकरी मुली. ३० सप्टेंबर २०२२ रोजी त्याच वस्तीतल्या 'काज' शिकवणी केंद्रात प्रवेश परीक्षेचा सराव चालू असताना आत्मघाती हल्ला झाला. पन्नासहून जास्त मृत्यू, त्यातही तरुण मुलीच जास्त.

मारणारे कलमा पढणारे आणि मरणारेही कलमा पढणारे. आपल्याकडे जगातल्या मुसलमानांवरच्या अन्यायाविषयी स्टेटस ठेवणारे पुष्कळ आहेत. पॅलेस्टाइनविषयी आपण बोलतो आणि बोललंच पाहिजे. पण काजमधल्या त्या मुलींसाठी आपल्यापैकी किती जणांचं स्टेटस बदललं होतं? इथे मारणारा आपला होता आणि मेलेल्या मुली 'तशा' मुसलमान होत्या. गल्लीच्या कोपऱ्यावर उभं राहण्याचा हाही एक प्रकार आहे.

दुसरा गुन्हा

कादंबरीतला सर्वांत भेदक भाग गल्लीचा नाही, त्यानंतरचा आहे. अमीरला झोप लागत नाही. हसन नेहमीसारखाच त्याचे कपडे काढून ठेवतो, नाश्ता मांडतो. अमीरला ते सहन होत नाही. टेकडीवर तो हसनला डाळिंबं फेकून मारतो, तूही मला मार म्हणून ओरडतो. हसन मारत नाही. एक डाळिंब स्वतःच्याच कपाळावर फोडून घेतो. मग वाढदिवसानंतर अमीर आपलं घड्याळ आणि काही पैसे हसनच्या गादीखाली ठेवतो आणि चोरीचा आळ घेतो. हसन आळ मान्य करतो. अमीरचा बाप माफ करायला तयार असतो, पण हसनचा बाप अली थांबत नाही. बाप-लेक घर सोडून जातात.

गल्लीतल्या गुन्ह्याला भीतीची सबब होती. घड्याळाच्या गुन्ह्याला कुठलीच सबब नाही. तिथे आसिफ नव्हता, कोणी धमकावत नव्हतं. अमीरने हे केलं, कारण हसनचा चेहरा रोज समोर येत होता आणि त्या चेहऱ्यात त्याला स्वतःचा भित्रेपणा दिसत होता. आरसा सहन होत नाही म्हणून माणूस आरसा घराबाहेर फेकतो.

अपराधीपणाला आपण फार भाव देतो. ज्याला टोचणी लागते तो मुळात चांगला माणूस, असा आपला समज आहे. अमीर टोचणीने तळमळत होता आणि त्या तळमळीतूनच त्याने आणखी मोठा अन्याय केला. टोचणी ही फक्त कळ आहे. कळ आली म्हणून जखम बरी होत नाही. कळ असह्य झालेला माणूस जखम धुण्याऐवजी कधी कधी जखमीलाच दूर लोटतो. आपल्या आजूबाजूला बघा. ज्या मैत्रिणीच्या वाईट काळात आपण फोन उचलला नाही, तिच्याविषयी पुढे आपणच म्हणू लागतो, 'तिचंही काहीतरी चुकलंच असेल.' ज्या भाच्याला सगळ्या खानदानाने एकटं पाडलं, त्याच्याविषयी वर्षभराने सगळे सांगतात, 'तो तसाच होता, कोणाशी पटायचंच नाही त्याचं.' गादीखाली घड्याळ ठेवण्याची ही रीत घरोघर आहे.

लाज कोणाच्या पदरात?

सिनेमाच्या निमित्ताने जे घडलं, ते कादंबरीइतकंच बोलकं आहे. काम करणारी मुलं खरोखर काबूलची होती. गल्लीतल्या प्रसंगामुळे त्यांच्या जिवाला धोका होईल, अशी भीती निर्माण झाली. म्हणून स्टुडिओने प्रदर्शन सहा आठवडे पुढे ढकललं आणि मुलांना संयुक्त अरब अमिरातीत हलवलं. अफगाण सरकारने सिनेमावर बंदी घातली. एका खोट्या, पडद्यावरच्या अत्याचाराची लाज तो प्रसंग साकारणाऱ्या लहान मुलावर येणार होती. अत्याचार करणाऱ्यावर नाही, बघणाऱ्यावर तर नाहीच. ज्या समाजात लाज सोसणाऱ्याच्या पदरात पडते, तिथे बघणाऱ्याला गप्प बसणं सोपं जातं. वर तो म्हणू शकतो, 'मी त्याची अब्रू झाकण्यासाठी गप्प बसलो.' आपल्याकडे घरातल्या मुलीवर नात्यातल्याच माणसाने हात टाकला तर याच वाक्याने पडदा पडतो.

आणखी एक गोष्ट. काबूल सुरक्षित नव्हतं म्हणून सिनेमातलं काबूल चीनच्या शिनजियांगमधल्या काशगर शहरात उभं केलं गेलं. काशगर हे उइगर मुसलमानांचं जुनं शहर. त्यानंतरच्या वर्षांत त्याच प्रांतात लाखो उइगरांना छावण्यांत डांबल्याचे अहवाल आले. ६ ऑक्टोबर २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत एवढाच ठराव होता, की शिनजियांगच्या अहवालावर नुसती चर्चा करावी. तो १७ विरुद्ध १९ मतांनी पडला. विरोधात मत देणाऱ्यांत पाकिस्तान, इंडोनेशिया, कतार आणि संयुक्त अरब अमिराती होते. मुस्लिमबहुल देशांपैकी सोमालियाने चर्चेच्या बाजूने मत दिलं. भारत तटस्थ राहिला. उम्मतच्या गप्पा मारणाऱ्या या सरकारांना उइगर कोण आहेत, हे माहीत नव्हतं का? माहीत होतं. पण हातात पतंग होता. कर्ज, गुंतवणूक, व्यापार. अमीरचा हिशेब देशांनाही करता येतो.

खरी हिंमत कुठे दिसते?

बहुतेक वाचकांच्या मते अमीरची भरपाई तालिबानच्या काबूलमध्ये होते. हसन आणि त्याची बायको मारली गेलेली असतात. हसन हा आपला सावत्र भाऊ होता, हेही अमीरला फार उशिरा कळतं. हसनचा मुलगा सोहराब आसिफच्या ताब्यात असतो. अमीर तिथे जातो, बेदम मार खातो, आणि मार खाता खाता त्याला हसू फुटतं, कारण इतक्या वर्षांनी शिक्षा मिळाली म्हणून त्याला बरं वाटतं. प्रसंग थरारक आहे. पण मार खाल्ल्याने अमीरला बरं वाटलं, त्यात हसनला काय मिळालं? आणि आसिफपासून सुटका होते तीही सोहराबच्या गलोलीने. इथेही वाचवणारा हजारा मुलगाच.

माझ्या मते अमीरची हिंमत दिसते ती त्यानंतर, अमेरिकेत, जेवणाच्या टेबलावर. मारामारी नाही, रक्त नाही. समोर सासरे बसलेले, माजी अफगाण सेनाधिकारी, खानदानी, प्रतिष्ठित. ते विचारतात की लोक विचारतील, आपल्या मुलीच्या घरी हा हजारा पोरगा का राहतोय? तेव्हा अमीर सगळ्यांसमोर सांगतो की हसन माझ्याच बापाचा मुलगा होता, माझा भाऊ होता. आणि यापुढे माझ्यासमोर याला 'हजारा पोरगा' म्हणायचं नाही. याला नाव आहे, सोहराब.

हा प्रसंग दोन पानांचाही नाही. पण सौदा आणि पायरी, या दोन्ही गोष्टी तिथेच तुटतात. मेलेल्या बापाची अब्रू, सासऱ्याची मर्जी, काबूलहून आलेल्या कुटुंबांमधलं स्थान, हे सगळं त्याने पणाला लावलं. आसिफसमोर जाणं सोपं होतं असं मी म्हणत नाही. पण आसिफ शत्रू होता. शत्रूसमोर उभं राहताना आपले लोक पाठीशी असतात, निदान मनात असतात. आपल्याच माणसांसमोर उभं राहताना पाठीशी कोणी नसतं. सूरह अन-निसाच्या १३५व्या आयतीत इन्साफासाठी उभं राहायला सांगताना स्वतःचा, आई-वडिलांचा आणि नातलगांचा उल्लेख आहे, त्यांच्याविरुद्ध जावं लागलं तरी. सगळ्यात अवघड जागा कोणती, हे तिथे बरोबर हेरलेलं आहे.

आपण हसन, आपणच अमीर

महाराष्ट्रातल्या मुसलमान तरुणाला हसनची बाजू समजावून सांगावी लागत नाही. शाळेच्या जुन्या ग्रुपवर 'हे लोक' अशा भाषेतला फॉरवर्ड येतो. त्या ग्रुपमध्ये दहा वर्षं एका बाकावर बसलेला, ईदला शीरखुर्मा प्यायला येणारा दोस्त असतो. तो ग्रुपवर काही लिहीत नाही. रात्री वेगळा मेसेज करतो, 'यार, मनावर घेऊ नकोस.' भाड्याने घर बघायला गेलं की एजंट सांगतो, 'मालकाला काही प्रॉब्लेम नाही, सोसायटीचं जरा...' फॉरवर्ड पाठवणाऱ्यापेक्षा त्या दोस्ताची चुप्पी जास्त लागते, हे आपण अनुभवाने जाणतो. आपण त्याच्याकडून काय मागतो? त्याने लढाई करावी, असं नाही. त्याने ग्रुपवर, आपल्या लोकांसमोर, एक ओळ लिहावी. 'हे चूक आहे.' एवढंच.

मित्रांनो, हीच एक ओळ आपल्याकडून मागणारेही कोणी आहेत. आपण म्हणतो की आमच्यात जातपात नाही, एकाच सफीत उभे राहतो. नमाज संपली आणि रिश्त्याची बोलणी सुरू झाली की 'बिरादरी कोणती' हा पहिला प्रश्न. डॉ. आंबेडकरांनी पाकिस्तानविषयीच्या ग्रंथात १९०१च्या बंगालच्या जनगणनेचा आधार घेऊन मुसलमानांमधले अश्रफ, अजलाफ आणि अर्जल हे थर दाखवून दिले होते. महाराष्ट्रात मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी करावी लागली, ती हे थर होते म्हणूनच. एखाद्या पिंजाऱ्याच्या, छप्परबंदाच्या, फकिराच्या मुलाचं स्थळ 'खानदानी' घरी सांगून आल्यावर जे हसू फुटतं, ते हसणाऱ्यांत आपण असतो की नसतो? घरी धुणंभांडी करणाऱ्या खालाचा कप वेगळा ठेवला जातो, तेव्हा आपण कोणत्या कोपऱ्यावर उभे असतो?

यादी लांबवता येईल. एका बैठकीत तलाक दिलेली बहीण. मनाविरुद्ध कॉलेज सोडायला लावलेली वर्गमैत्रीण. मसलकच्या भांडणात मशिदीतून काढून दिलेला माणूस. चालण्या-बोलण्यावरून 'बायल्या' म्हणून मोहल्ल्याने हैराण केलेला बालमित्र, ज्याच्यासोबत आपण पाचवीपर्यंत पतंग उडवले आणि मिसरूड फुटल्यावर ओळख दाखवणं बंद केलं. आणि हो, तो हिंदू मित्रसुद्धा, ज्याच्या धर्माची आपल्या बैठकीत टिंगल चालली असताना आपण मान खाली घालून मोबाइल बघत होतो.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. 'आज समाजावर चहूबाजूंनी दडपण आहे. अशा वेळी घरातलं बाहेर काढलं तर विरोधकांच्या हातात कोलीत मिळेल. आधी बाहेरचं संकट टळू दे.' दडपण खरं आहे. कोलिताची भीतीही खरी आहे. पण मी घराबाहेर काढा असं म्हणतच नाही, घरातच बोला असं म्हणतो आहे. टीव्हीच्या चर्चेत जाऊन आपल्याच समाजाला शिव्या घालणं ही मोठी हिंमत नव्हे, तिथे टाळ्या मिळतात, मानधनही मिळतं. दस्तरखानावर अब्बांसमोर, चाचांसमोर बोलायला हिंमत लागते, तिथे टाळ्या मिळत नाहीत. 'आधी बाहेरचं संकट' म्हणताना वाट बघण्याची किंमत कोण मोजतं, तेही बघितलं पाहिजे. ती नेहमी हसनच मोजतो. अमीरने कधी वाट बघितलेली नसते.

मग करायचं काय?

गल्लीत त्या दिवशी अमीरच्या हातात काय होतं, याचा नीट विचार केला तर मार्ग दिसतो. तो तिघांना हरवू शकत नव्हता. पण ओरडू शकत होता. बाजारात धावत जाऊन एखाद्या मोठ्या माणसाला आणू शकत होता. तेही जमलं नाही, तर संध्याकाळी हसनजवळ बसून सांगू शकत होता, 'मी बघितलं. मी घाबरलो.' तेही जमलं नाही, तर बापाला खरं सांगू शकत होता. आणि घड्याळाचा आळ घेतल्यावरही, अली आणि हसन गाडीत बसेपर्यंत, खरं बोलायची संधी होतीच. पावसात गाडी निघून जाते तो क्षण शेवटचा होता. हिंमतीची संधी एकदाच येते असं आपल्याला वाटतं. ती पुन्हा पुन्हा येत राहते, दर वेळी थोडी महाग होऊन.

त्यातली पहिली गोष्ट म्हणजे साक्ष. 'मी बघितलं' हे म्हणणं. सोसणाऱ्याला सर्वांत आधी याचीच गरज असते, कारण बाकी सगळे त्याला पटवत असतात की काही घडलंच नाही. दुसरी गोष्ट म्हणजे सोबत. जानेवारी २०१३मध्ये क्वेट्टाच्या आलमदार रोडवर स्फोट झाला तेव्हा हजारा कुटुंबं कडाक्याच्या थंडीत मृतदेह रस्त्यावर ठेवून बसली, दफन करायला नकार देऊन. त्यांच्यासाठी पाकिस्तानातल्या अनेक शहरांत लोक धरणं धरून बसले. अखेर बलुचिस्तानचं सरकार बरखास्त करावं लागलं. हल्ले त्याने थांबले नाहीत, महिनाभरात पुन्हा स्फोट झाला. तरी त्या चार दिवसांत ती कुटुंबं एकटी नव्हती. तिसरी गोष्ट म्हणजे नाव. 'त्या बिरादरीचा', 'ती तलाकवाली', 'तो तसला' असं कोणी म्हणालं की त्या माणसाचं नाव घ्यायचं. आपल्या घरात, आपल्या लोकांसमोर.

आणि ज्यांची गल्ली मागे पडली आहे, त्यांचं काय? इथे कादंबरीशी माझा थोडा झगडा आहे. हुसैनींनी हसनला इतकं भलं रंगवलं आहे, की तो न मागताच माफ करून टाकतो. मोठेपणी तो लिहायला-वाचायला शिकतो आणि अमीरला प्रेमाचं पत्र लिहितो. ते पत्र अमीरच्या हाती पडतं तेव्हा हसन या जगात नसतो. अमीरचं काम त्यामुळे सोपं झालं. हसनच्या डोळ्यांत बघून माफी मागण्याची वेळ त्याच्यावर आलीच नाही, आणि 'मी माफ करत नाही' हे ऐकण्याचीही नाही. प्रत्यक्ष आयुष्यात हसन जिवंत असतो, त्याच शहरात राहतो, आणि त्याला राग असतो. त्याला तो हक्क आहे.

आपल्या परंपरेत हक्कुल-इबाद ही कल्पना आहे. अल्लाहशी झालेल्या कसुरीची तौबा अल्लाहकडे. पण माणसाचा हक्क बुडवला असेल तर नुसत्या सजद्याने भागत नाही, त्या माणसाकडेच जावं लागतं. अपराधीपणाला मुरत ठेवण्यापेक्षा हा रस्ता अवघड आहे, पण सरळ आहे. जायचं, 'मी गप्प बसलो, ते चूक होतं' म्हणायचं, आणि पुढचं त्याच्यावर सोपवायचं. त्याने दार लावून घेतलं तर तेही ऐकून घ्यायचं. स्वतःचं मन हलकं करायला जायचं नाही. त्याचं जे गेलं, त्यातलं काही परत करता येतं का, हे विचारायला जायचं. त्याच्याविषयी ज्यांच्यासमोर आपण गप्प बसलो होतो, त्यांच्यासमोर जाऊन आता बोलायचं. हा शेवटचा भाग सगळे विसरतात आणि तोच सगळ्यात गरजेचा आहे.

पुढच्या वेळी घरात सगळे जेवायला बसले असतील आणि कोणीतरी सहज एखाद्याच्या बिरादरीवरून, तिच्या तलाकवरून, त्याच्या चालीवरून काही बोलेल. बोलणारे आपलेच असतील, प्रेमाचे, वयाने मोठे. सगळे हसतील आणि क्षणभर तुमच्याकडे बघतील. तेव्हा आवाज चढवू नका. ज्याच्यावर हसणं चाललं आहे, त्याचं नाव घ्या आणि सांगा, 'चाचा, तो माझा दोस्त आहे.'